हवा खाणारी गाडी

मैत्रिणींनो, कुकरची रिंग गेली की ते आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. कडेने फुस्स करून वाफ निघते, शिटी काही होत नाही आणि डाळ खड्यासारखी राहते. फार तर कडेला कणीक लावून आपण तो एक दिवस निभावतो. पण कणीक लावून कुणी वर्ष काढत नाही. दुसऱ्या दिवशी भांड्याच्या दुकानातून नवी रिंग येतेच.

आज मी लिहिणार आहे ते अशाच एका सांध्याबद्दल, पण तो स्वयंपाकघरातला नाही. मोटारगाडीच्या इंजिनातला आहे. ‘हे काय आमच्या पानावर!’ म्हणून पान उलटू नका हं. घरात गाडी असली तरी ती गॅरेजला नेणं हे पुरुषांचं काम, असं आपण समजून चालतो. पण कितीतरी घरांतून नवरा नोकरीनिमित्त परगावी, मुलं शिकायला बाहेर, आणि म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात नेणारी घरची बाईच, असा देखावा असतो. माझ्या घरी तो होता.

ही हकिगत २०११ सालची. आम्ही कोल्हापूरला, हे रत्नागिरीला. शनिवारी रात्री यायचे, सोमवारी पहाटे जायचे. सासूबाईंचं डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी. सकाळी सातला त्यांना पोचवायचं, दुपारी आणायचं. येताना त्यांना बसवत नसे. रक्तदाब इतका खाली येई की मागच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन त्या आडव्या पडत. रिक्षात आडवं कसं पडणार? एक-दोनदा रिक्षा करून पाहिली, तर खड्ड्याखड्ड्याला त्या माझा हात असा आवळत की घरी आल्यावर बोटांचे वळ दिसायचे. तेव्हा आमची १९९६ सालची मारुती आठशे, तीन सिलिंडरची, कार्बोरेटरची, हीच आईंची रुग्णवाहिका.

त्या पावसाळ्यात गाडीच्या इंजिनाजवळून पाणी झिरपायला लागलं. वयच झालं होतं पॅकिंगचं. घराजवळच्या गॅरेजमध्ये दाखवली, त्यांनी एक भाग उघडून पुन्हा बसवला आणि पाणी थांबलं. इथपर्यंत छान. पण त्याच आठवड्यापासून गाडीला नवंच दुखणं जडलं. पळताना काही नाही. पण सिग्नलला उभी राहिली की इंजिनाचा आवाज आपला आपण वर जायचा, खाली यायचा, थरथरायचा, आणि बंद. दसरा चौकात, मागे एस. टी. भोंगा वाजवतेय, मागच्या सीटवर आई डोळे मिटून पडलेल्या, आणि मी चावी फिरवतेय. आई काही बोलत नसत. एकदा फक्त एवढंच म्हणाल्या, “सावकाश होऊ दे गं. मला घाई नाही.” ते ऐकून मला जास्तच कसंतरी झालं.

गॅरेजवाल्याकडे पुन्हा गेले. त्याने एक स्क्रू पिळून ‘रेस’ वाढवून दिली, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन जरा जोरात चालेल असं केलं. चार दिवस बरं गेलं. मग पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, “ताई, काबरेटर गेला. नवा घाला.” त्याने सांगितलेला आकडा ऐकून ह्यांनी फोनवरच निकाल लावला, “विकून टाकू. रविवारी एक जण बघायला येतो म्हणतोय.” रविवार! आणि मधला शुक्रवार? त्यापुढचा मंगळवार? ह्यांचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं, नाही असं नाही. पण मला एक गोष्ट राहून राहून वाटत होती, ती म्हणजे दुखणं सुरू झालं ते गाडी उघडल्यानंतर. बाळंतिणीला ताप आला तर आपण आधी काय खाल्लं, काय केलं हेच विचारतो ना? मग काल उघडलेल्या गोष्टीकडे आधी बघायला नको का?

म्हणून बुधवारी सकाळी गाडी घेऊन मी शिवाजी उद्यमनगरात गेले. कोल्हापूरच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, हा आमच्या गावचा कारखान्यांचा भाग. लेथ, ओतकाम, इंजिनांचे सुटे भाग, सगळं एका हाकेवर. तिथे एक वयस्क मिस्त्री आहेत असं शेजारच्या काकांनी सांगितलं होतं. त्यांनी बॉनेट उघडलं, गाडी चालू ठेवली आणि रबरी नळीचा हातभर तुकडा घेऊन एक टोक कानाला लावलं, दुसरं इंजिनावरून फिरवत नेलं. अगदी डॉक्टर छाती तपासतात तसं! एका जागी थांबले आणि नळी माझ्या हातात दिली. ऐकते तर आत बारीक सूऽऽ असा आवाज.

“वैनी, गाडी हवा खातीया,” ते म्हणाले. “काबरेटरला काय बी झालेलं न्हाई. ह्ये मॅनिफोल्ड कुणी बसीवलं?”

आता हे मॅनिफोल्ड म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. कार्बोरेटरमध्ये हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण तयार होतं. ते एकेका सिलिंडरला वाटून द्यायला ॲल्युमिनियमची एक फाटे फुटलेली जाड नळी असते, तिला इनटेक मॅनिफोल्ड म्हणायचं. पंगतीतला वाढपीच म्हणा ना. ती इंजिनाच्या वरच्या भागाला, हेडला, सपाट तोंडाने जोडलेली असते आणि दोन तोंडांच्या मध्ये पातळ पॅकिंग असतं, तेच गॅस्केट. कार्बोरेटरच्या मारुतीत याच मॅनिफोल्डमधून इंजिनाचं गरम पाणीही फिरतं, कारण थंड नळीत पेट्रोलची वाफ पुन्हा थेंब होऊन बसते. म्हणजे एका सांध्याने दोन गोष्टी अडवायच्या: पाणी बाहेर येऊ द्यायचं नाही आणि हवा आत जाऊ द्यायची नाही.

कुकरपेक्षा हे वेगळं आहे ते इथेच. कुकरच्या आत दाब, म्हणून गळती बाहेर दिसते. मॅनिफोल्डच्या आत ओढ असते. इंजिन श्वास घेतं आणि बाहेरची हवा फटीतून आत खेचली जाते. काही सांडत नाही, जमिनीवर डाग नाही, वास नाही. चिरलेल्या नळीने शहाळं पिऊन बघा. कितीही ओढा, तोंडात पाणी थोडं आणि हवाच फार. इंजिनाची तीच गत होते. पेट्रोल कमी, हवा जास्त. मग ते धड पेटत नाही. उभ्या गाडीत हे जास्त जाणवतं, कारण तेव्हा कार्बोरेटरची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि आतली ओढ सगळ्यात जास्त असते. ॲक्सिलरेटर दाबला की झडप उघडते, ओढ कमी होते, फटीतली हवा एकूण हवेच्या मानाने किरकोळ ठरते. म्हणून पळताना गाडी शहाणी आणि सिग्नलला वेडी! ज्या गाड्यांत ब्रेकला याच ओढीची मदत घेतलेली असते तिथे ओढ कमी पडली तर ब्रेकचं पेडलही जड होऊ शकतं. आणि फार दिवस असं चालवलं तर कमी पेट्रोलावर जळणारं इंजिन आतून जास्त तापतं. स्क्रू पिळून रेस वाढवणं म्हणजे तापावर पांघरूण घालणं, दुसरं काय?

मिस्त्रींना मी शुक्रवारची अडचण सांगितली. त्यांनी आकाशाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, म्हणाले, “उद्या संध्याकाळपर्यंत देतो. पण घाई करायला सांगू नका.” मी सांगितलं, घाई करणार नाही, पण बसून बघणार. पोऱ्याने स्टूल दिलं आणि पुढे चहाही आला.

इंजिन पूर्ण गार होईपर्यंत त्यांनी हात लावला नाही. आधी बॅटरीची एक वायर सोडवली. मग निघणाऱ्या प्रत्येक नळीला चिकटपट्टी लावून आकडा घातला. आपण मसाल्याच्या डब्यांना चिठ्ठ्या लावतो तसंच! त्यानंतर कूलंट एका टोपल्यात काढलं आणि ते टोपलं लगेच झाकून उंचावर ठेवलं. हे आपल्यापैकी प्रत्येकीने लक्षात ठेवावं. कूलंट चवीला गोड असतं आणि विषारी असतं. अंगणात उघडं राहिलं तर मांजर, कुत्रं, रांगतं मूल, कुणीही तोंड लावेल.

मॅनिफोल्ड सुटून हातात आलं तेव्हा सगळा उलगडा झाला. जुनं पॅकिंग तसंच होतं, आणि त्याच्यावर दोन्ही बाजूंनी सिलिकॉनची पेस्ट थापलेली. इडलीपात्रातून पीठ ओसंडून वाळावं तशी ती कडेने आत-बाहेर आली होती. नळीच्या तोंडाशी तिच्या लोंब्या लोंबत होत्या. मिस्त्रींनी एक लोंबी चिमटीत धरली तर ती मऊ, फुगलेली, बोटाने तुटणारी. नेहमीची सिलिकॉन पेस्ट पेट्रोल लागलं की अशीच फुगते आणि सोडून देते. तुटलेला तुकडा जाणार कुठे? एक तर सिलिंडरकडे ओढला जाणार, नाही तर पाण्याच्या वाटेत अडकणार. पाण्याच्या बाजूला पेस्टने काम भागलं होतं, म्हणून झिरपणं थांबलेलं. पेट्रोलच्या बाजूला तिने दगा दिला होता.

पेस्ट वाईट असं मात्र म्हणू नका. तिची जागा असते. अमेरिकन बनावटीच्या कितीतरी मोठ्या आठ सिलिंडरच्या इंजिनांत मॅनिफोल्डच्या पुढच्या-मागच्या टोकाला तेल अडवण्यासाठी सिलिकॉनचीच रेघ घालतात आणि ती नीट सुकू देतात. कुठे घालायची, किती घालायची हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. जिथे कोरडं पॅकिंग सांगितलं आहे तिथे कोरडंच. मिठाशिवाय आमटी नाही, म्हणून खिरीत मीठ घालतो का आपण?

मग सुरू झाली सफाई, आणि तीच खरी वेळखाऊ. हेडच्या तीनही भोकांत मिस्त्रींनी स्वच्छ फडकी कोंबली, म्हणजे खरवड आत पडायला नको. फडकी मोजून घातली आणि शेवटी मोजून काढली. ॲल्युमिनियम मऊ असतं. लोखंडी पातं फिरवलं तर ओरखडे उठतात, आणि ओरखडा म्हणजे हवेला आयती वाट. म्हणून लाकडाची धारदार पट्टी करून तिने हळूहळू खरवडलं. नॉनस्टिकच्या तव्याला आपण उलथनं लावत नाही ना, तसंच. शेजारचा पोरगा फिरतं घासणीचं चाक घेऊन आला तर त्याला हाकललं. “त्याची भुकटी आत गेली की इंजिन खाती,” म्हणाले. खरंच आहे ते. त्या चाकातून उडणारे कण कठीण असतात, तेलात मिसळले की बेअरिंगं झिजवतात.

तोंडं चकचकीत झाल्यावर थिनरच्या फडक्याने तेलकटपणा पुसला आणि मॅनिफोल्डवर एक सरळ पोलादी पट्टी उभी ठेवली. पट्टीखालून उजेड दिसतो का बघायचा आणि फट किती ते पातळ पोलादी पात्यांनी मोजायचं. अशा लहान इंजिनांना साधारण एक दशांश मिलिमीटरपर्यंत फट चालते. म्हणजे वहीच्या एका कागदाइतकी. आमच्या मॅनिफोल्डखाली एका टोकाला त्याहून जाड पातं सहज सरकलं. पहिल्या वेळी बोल्ट वाटेल तसे आवळले असावेत, म्हणून ते वाकलं असेल असं मिस्त्रींचं मत पडलं; वयोमानानंही होतं म्हणा. मग ते फडक्यात गुंडाळून पोऱ्या सायकलवरून शेजारच्या वर्कशॉपला गेला आणि तोंड घासून सपाट करून घेऊन आला. यात बुधवार संपला. रात्री मला झोप म्हणून नाही. शुक्रवारचं काय, एवढंच डोक्यात. आईंना काही सांगितलं नव्हतं, पण त्यांनी ओळखलं असावं. “नाही झाली गाडी तर रिक्षाने जाऊ. मी डोळे मिटून बसेन,” असं आपण होऊनच म्हणाल्या.

गुरुवारी नवं पॅकिंग आणलं. शंभर रुपयांच्या आतलं! कुठे नव्या कार्बोरेटरचा आकडा आणि कुठे हे. जुनं पॅकिंग पुन्हा का चालत नाही हे मी मुद्दाम विचारलं. ते एकदा दाबलं गेलं की त्या दोन तोंडांच्या उंचसखलपणाचा ठसा घेऊन बसतं. पुन्हा फुगून येत नाही. नवं पॅकिंग आधी नुसतं धरून बघितलं, भोकांवर भोकं आली का, उलटं तर नाही ना. कोरडंच बसवलं, वर मॅनिफोल्ड, आणि सगळ्या चाक्या आधी फक्त बोटांनी लावल्या.

आवळणं ही त्यातली खरी कला. एक चाकी पूर्ण पिळली आणि मग दुसरी, असं करायचं नाही. मधल्यापासून सुरुवात, मग तिच्या डावीकडची, मग उजवीकडची, असं कडेकडे जायचं. आणि तेही एका दमात नाही, दोन-तीन फेऱ्यांत थोडं थोडं. पापड आपण मधून कडेला लाटतो म्हणून तो सगळीकडे सारखा होतो. कडेपासून सुरुवात केली तर मध्ये फुगवटा राहतो. शेवटच्या फेरीला त्यांनी कपाटातून टॉर्कचा पाना काढला. त्यावर पुस्तकातलं माप लावलं की तेवढा जोर झाल्यावर तो ‘टक्’ करतो आणि आपण थांबायचं. अंगात जोर आहे म्हणून जास्त आवळलं तर पॅकिंग चिरडतं, नाही तर ॲल्युमिनियममधले आटे निघून येतात, आणि मग खर्चाला अंत नाही.

कूलंट भरून, त्यातली हवा काढून गाडी सुरू केली तेव्हा गुरुवारचे साडेसहा झाले होते. मी गाडीतून इस्त्रीची फवाऱ्याची बाटली काढून दिली. आदल्या दिवशी मिस्त्री साबणाच्या पाण्याबद्दल बोलले होते, म्हणून घेऊनच गेले होते. सांध्यावर साबणाचं पाणी फवारायचं. फट असली तर ते आत ओढलं जातं आणि इंजिनाचा आवाज बदलतो. काही ठिकाणी यासाठी पेट्रोल नाही तर कार्बोरेटर साफ करण्याचा फवारा मारतात. तापल्या इंजिनावर असलं काही आपल्या दारात कुणाला करू देऊ नका, भडका उडायला क्षण लागत नाही. आवाज बदलला नाही. मग मिस्त्रींनी ओढ मोजणारा काटा लावला. निरोगी इंजिनात उभ्या गाडीला समुद्रकाठी तो पाऱ्याच्या साधारण ४५० ते ५५० मिलिमीटरांवर राहतो; कोल्हापूर उंचावर, म्हणून आमचा जरा खाली. आकड्यापेक्षा मला आवडलं ते हे की काटा थरथरत नव्हता. पिळून वाढवलेली रेस त्यांनी पुन्हा जागेवर आणून ठेवली.

शुक्रवारी सकाळी दसरा चौकात सिग्नल लाल झाला. गाडी उभी राहिली, हलक्या आवाजात चालू राहिली. आईंनी मागून विचारलं, “बंद केलीस का गं?” इतका आवाज कमी! मी म्हटलं, “नाही आई, चालू आहे.”

रविवारी गाडी बघायला आलेल्या माणसाला ह्यांनी चहा देऊन परत पाठवलं. त्यापूर्वी बॉनेट उघडून अर्धा तास सगळं माझ्याकडून ऐकून घेतलं, मध्ये दोनदा “असं होय!” म्हणाले. आई त्यानंतर पावणेतीन वर्षं त्या गाडीतून गेल्या-आल्या.

आता तुमच्याकडच्या गाडीविषयी. कार्बोरेटरच्या गाड्या आज क्वचितच दिसतात. मारुती आठशेचं उत्पादनही २०१४ साली थांबलं. हल्लीच्या गाड्यांत पेट्रोल फवाऱ्याने जातं आणि मॅनिफोल्ड बहुधा टणक प्लॅस्टिकचं असतं, त्याच्या खोबणीत घडीव रबराच्या रिंगा बसतात. प्लॅस्टिक म्हणून तिथे जोर आणखी कमी लावायचा असतो आणि पेस्ट सहसा लागत नाही. फट राहिली तर समोर इंजिनाचा दिवा लागतो आणि कॉम्प्युटर ‘हवा जास्त’ असं सांगतो. पण हवा नेमकी कुठून येते ते माणसालाच शोधावं लागतं. गाडी उघडायला देताना मी मिस्त्रींना चार गोष्टी विचारते: रिंगा नव्या घालणार ना, जुन्या मला परत देणार ना, तोंड कशाने साफ करणार आणि टॉर्कचा पाना आहे का. कुणी हसतात. एकाने मात्र न बोलता कपाट उघडून पाना दाखवला, तेव्हापासून गाडी त्याच्याकडेच जाते.